साथीला स्थानिक कलाकार

मराठी भाषेत माणसाचा अपमान करण्याच्या सोयी भरपूर आहेत. शिव्या आहेत, म्हणी आहेत, टोमणे आहेत, आणि काहीच न बोलता नुसतं 'हं' म्हणण्याचीही पद्धत आहे. पण या सगळ्यांत सभ्य, छापील आणि चार लोकांच्या सहीनिशी केलेला अपमान कोणता असं मला कोणी विचारलं, तर मी शास्त्रीय गायनाच्या कार्यक्रमाचं पत्रक काढीन आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवीन. वर गायकाचं नाव, नावामागे पंडित, नावाखाली घराणं, घराण्याखाली गुरूंची नावं. मग अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक. आणि सगळ्यात खाली, मुंगीनं चालता चालता सोडून दिल्यासारख्या अक्षरांत, 'साथसंगत : स्थानिक कलाकार'.

स्थानिक कलाकार! म्हणजे कोण? भाजीबाजारात 'लोकल' म्हटलं की समजावं, माल स्वस्त आहे, निवडून घ्या. इथंही अर्थ तोच. या माणसाला आईबापांनी बारशाला नाव ठेवलं आहे, रेशनकार्डावर ते आहे, मतदारयादीत तर दोनदा आहे. पण ज्या एका कागदावर ते असायला हवं, तिथं मात्र तो नुसता 'स्थानिक'.

मी इस्लापूरचा. नांदेड जिल्हा, किनवट तालुका, मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचं स्टेशन. सागवानाचं जंगल, जवळच सहस्रकुंडचा धबधबा. पावसाळ्यात लांबलांबून लोक धबधबा बघायला येतात, भजी खातात, फोटो काढतात. सहस्रकुंडचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण हे पाणी कोणत्या नदीचं, असं विचारा. दहांतले सहा जण मोबाइलमध्ये शोधायला लागतील. पैनगंगा बिचारी केवढ्या लांबून वाहत येते, पण पत्रकात तीही 'स्थानिक'च. तेव्हा हा विषय आमच्या भागात कोणाला नवा नाही.

आमच्याकडे एक पेटीमास्तर आहेत. नाव छापत नाही, कारण छापलं तर ते म्हणतील, "गुरुजी, आजवर कुनी छापलं नाही, तुमीच कशाला रीत मोडायलाव?" दिवसा शिवणयंत्र आणि रात्री पेटी, दोन्हींना पाय-हात मारून त्यांनी आयुष्य काढलं. भजन असो, कीर्तन असो, तेलुगू लग्नातली गाणी असोत, की शाळेचं स्नेहसंमेलन. मास्तरांची पेटी हजर. पलीकडच्या एका मोठ्या गावातल्या मंडळानं एकदा पुण्याहून गायक बोलावला. मास्तरांना आदल्या रात्री निरोप. हे मोटारसायकलवर पेटी बांधून गेले. गायकाची आणि त्यांची पहिली भेट व्यासपीठावर. ओळख झाली ती एवढीच : "काळी दोन." मास्तर म्हणाले, "बरं." झाली तालीम!

कार्यक्रम रंगला. शेवटी सत्कार. गायकाला शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि पाकीट. अध्यक्षांना शाल. अध्यक्षांच्या बंधूंना, ते योगायोगानं पहिल्या रांगेत सापडले म्हणून, शाल. जनरेटरवाल्याचं नाव घेऊन आभार, कारण दिवे गेले नव्हते. आणि मग सूत्रसंचालक म्हणाला, "तसेच साथीदारांचेही आभार." मास्तरांना एक गुलाब मिळाला. तो त्यांनी पेटीवर ठेवला आणि पेटी बांधताना चुरगळला.

मी चिडलो. मास्तर चिडले नाहीत, आणि त्यामुळे मी जास्तच चिडलो. मी म्हटलं, "अहो मास्तर, निदान नाव तरी घ्यायचं त्यांनी!" ते म्हणाले, "जाऊ द्या हो गुरुजी. सम चुकली नाही ना, मग झालं तर."

नाही झालं! म्हणून तर लिहायला बसलो आहे.

आता तुम्हाला सातासमुद्रापलीकडे नेतो. फार वेळ नाही, जेवायच्या आत परत. तिकडे ऑपेरा नावाचं संगीत नाटक असतं. त्यात टेनर म्हणजे पुरुषातला उंच पट्टीचा गवई. आमच्या संगीत नाटकात जो मान नायकाचा, तोच याचा. साठ-सत्तर वाद्यांचा ताफा समोरच्या खड्ड्यात, अंगावर मखमली झगा, कमरेला तलवार, आणि मरतानासुद्धा दहा मिनिटं गायची मुभा. पण हाच टेनर कधी कधी नुसत्या गाण्यांची मैफल करतो. तेव्हा झगा नाही, तलवार नाही, ताफा नाही, मायक्रोफोनही नाही. व्यासपीठावर एक पियानो, पियानोवर एक माणूस, आणि पियानोच्या बाकात उभा राहिलेला हा. दोघं एकदम येतात, एकदम वाकतात, टाळ्या दोघांच्या. आणि पत्रकावर? पत्रकावर दोन नावं. अमुक अमुक, टेनर. तमुक तमुक, पियानो. आत उघडावं तर गाणं रचणाऱ्याचं नाव आणि ज्याची कविता आहे त्या कवीचंही नाव. स्थानिक कोणीच नाही. सगळे माणसंच!

यात सौजन्य आहे तेवढंच कारणही आहे. ही गाणी मुळात दोघांसाठी लिहिलेली असतात. व्हिएन्नाचा शूबर्ट एकतिसाव्या वर्षी, १८२८ साली वारला. तेवढ्यात सहाशेच्या वर गाणी करून गेला. अठराव्या वर्षी, १८१५ साली, त्यानं गटेच्या एका कवितेला चाल लावली. रात्रीची वेळ, वाऱ्यातून घोडा पळतो आहे, बापाच्या कुशीत आजारी पोर आहे आणि पोराला अंधारात भुतांचा राजा दिसतो आहे. गाणाऱ्याला बाप, पोर, भूत आणि गोष्ट सांगणारा, चौघांचेही आवाज काढावे लागतात. पण घोडा कोण? घोडा पियानोवाला! उजव्या हातानं तोच तोच सूर तिप्पट चालीत, गाणं जवळपास संपेपर्यंत, न थांबता बडवायचा. हात भरून येतो. गाणारा भूत झाला की टाळी मिळते. घोड्याला मात्र दम खायचीही सवड नाही. आणि घोडा थांबला तर पुढचं भूत, बाप आणि पोर सगळेच रस्त्यात उभे!

पियानोवाल्यांना हा मान आपोआप मिळाला, असंही समजू नका. जेराल्ड मूर नावाचा एक इंग्रज पियानोवादक होता. जन्मभर दुसऱ्यांच्या साथीला बसला. त्यानं १९४३ साली एक पुस्तक लिहिलं. नावाचा मराठीत अर्थ 'लाज न बाळगणारा साथीदार'. नावातच भांडण आहे. पुढे १९६२ साली आत्मचरित्र लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ 'माझा आवाज फार मोठा होतोय का?' आमच्या प्रत्येक तबलजीनं आणि पेटीवाल्यानं व्यासपीठावर डोळ्यांनी विचारलेला प्रश्न आहे हा! त्या मूरचा निरोपाचा कार्यक्रम १९६७ साली लंडनमध्ये झाला, तेव्हा गायला कोण आलं? फिशर-डीस्काऊ, श्वार्ट्सकोप्फ आणि व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस, म्हणजे त्या काळातले तीन डोंगर. साथीदाराच्या निरोपाला गायक साथीला आले! आणि शेवटी मूर एकटा बसला आणि शूबर्टचं गाणं गायकाशिवाय, नुसत्या पियानोवर वाजवून उठला. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पेटीवरचा तो गुलाब आला.

लांब कशाला, मुंबईचंच बघा. गिरगावाजवळचं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ साली बंद पडलं होतं. २०१६ च्या ऑक्टोबरात ते पुन्हा उघडलं, तेव्हा मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ तिथं गायल्या. पियानोवर होते मार्क ट्रूप. हे त्यांचे यजमान. घरचाच माणूस! आपल्याकडे घरचा माणूस म्हटला की नाव छापायचं कारणच संपतं. त्यांचं नाव मात्र बातमीत होतं, म्हणून तर इस्लापुरात बसून मला ते ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, गुरुजींना साहेबाचं सगळंच गोड. मुळीच नाही. पावारोत्ती हा जगातला सगळ्यात गाजलेला टेनर. त्याची पियानोसोबतची परदेशातली पहिली मैफल १९७३ साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या लिबर्टी नावाच्या गावात, एका कॉलेजात झाली. त्या रात्री त्यानं हातात एक मोठा पांढरा रुमाल धरला आणि पुढे जन्मभर तो रुमाल त्याची खूण झाला. आता संगीतातल्या दहा जाणकारांना विचारा, त्या रात्री पियानोवर कोण होतं? रुमाल सगळ्यांना आठवेल. तेव्हा हा रोग फक्त आपला नाही. कापडाला मान आणि माणसाला नाही, हे सगळीकडे चालतं. फरक एवढाच, की तिकडे निदान पत्रक काढून नाव शोधता येतं. आमच्याकडे पत्रक काढलं तरी 'स्थानिक कलाकार'च सापडणार!

आणि साहेब एवढाच न्यायी असता, तर आमच्या पेटीची अशी दशा झाली असती का? पेटी मूळची युरोपातली, पायानं भाता मारायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास ती हातानं भाता मारण्याजोगी केली आणि ती मांडी घालून बसली. खऱ्या अर्थानं भारतीय झाली! पण १९४० साली आकाशवाणीनं फर्मान काढलं, की पेटी बंद. आक्षेप असा, की हिचे बारा सूर ठोकून बसवलेले, हिला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत. दिल्लीच्या आकाशवाणीतले फोल्ड्‌ससाहेब त्याआधीच तिच्याविरुद्ध लिहून गेले होते, आणि रवींद्रनाथ ठाकूरांनाही ती नको होती. आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण बंदी १९७१ पर्यंत, म्हणजे तब्बल एकतीस वर्षं! गंमत बघा : १९५५ च्या डिसेंबरात पीटर पियर्स हा इंग्लंडचा ऑपेरातला टेनर आणि त्याचा पियानोवाला बेंजामिन ब्रिटन, असे दोघं भारतात येऊन गेले. ब्रिटन स्वतः एवढा मोठा संगीतकार, की पियर्सपेक्षा पियानोवाल्याचंच नाव मोठं. ते दोघं इथं मानानं वावरत होते, त्या वेळी आमची पेटी रेडिओच्या दाराबाहेर चपलांजवळ बसली होती. पियानोचेही सूर बाराच, आणि तेही ठोकून बसवलेले. पण तो पडला पाहुणा, आणि ही पडली स्थानिक!

आपल्याकडे साथीदाराची किंमत कोणाला कळलीच नाही, असंही नाही. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते. बालगंधर्वांना साथीला 'कोणीतरी' चालत नव्हतं. गोविंदराव टेंबे पेटी वाजवता वाजवता १९११ च्या 'मानापमान' नाटकाला चाली देणारे संगीतकार झाले. आणि आमच्या मराठवाड्याचं म्हणाल, तर जालन्याकडचे अप्पा जळगावकर. बड्या बड्या गवयांच्या मागे यांची पेटी, गाण्याच्या पावलावर पाऊल ठेवणारी, पण पायात न येणारी. त्यांना २००० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. विचार करा, असा माणूस सुरुवातीला कुठल्या तरी गावात बसला असेल, तेव्हा तोही कोणाच्या तरी पत्रकात 'स्थानिक कलाकार'च असणार!

साथ म्हणजे काय, हे एकदा नीट सांगतो, कारण पुष्कळ अध्यक्षांची समजूत अशी आहे, की गायकाला व्यासपीठावर एकट्यानं भीती वाटू नये म्हणून सोबतीला दोघं बसवतात. विलंबित एकताल म्हणजे बारा मात्रा, आणि एका आवर्तनाला कधी कधी पाऊण-एक मिनिट. तबलजीनं तो ठेका अर्धा अर्धा तास धरून ठेवायचा. हात शिवशिवत असले तरी वाजवायचं नाही, गवई रानात कुठंही भटकून आला तरी घर जागेवर सापडलं पाहिजे. पेटीवाल्यानं अर्धा श्वास मागून जायचं. पुढे गेलं तर आगाऊ, फार मागे राहिलं तर झोपाळू. गवयानं दम घेतला की ती फट सुरानं भरायची आणि तो परत आला की जागा सोडायची. टेनर आणि पियानोवाले याच्या दिवसेंदिवस तालमी करतात, सगळं कागदावर लिहिलेलं असतं. आमचे मास्तर हे 'काळी दोन' एवढ्या दोन शब्दांवर करतात!

या विषयावर मी बऱ्याच मंडळांशी भांडलो आहे. त्यांची उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं उत्तर : "लोक गायकाला ऐकायला येतात हो." मान्य. लोक बासुंदी खायला येतात, म्हणून चुलीवर तासभर दूध ढवळणाऱ्याला जेवू घालायचं नाही का?

दुसरं : "पत्रकात जागा नाही." स्वागतोत्सुक म्हणून सत्तावीस नावं मावतात, त्यात तीन चिरंजीव अजून बालवाडीत आहेत. त्यातल्या एकाला पुढच्या वर्षी उत्सुक होऊ द्या, जागा होते!

तिसरं : "साथीला कोण, हे आयत्या वेळी ठरतं." मग ते आधी ठरवा की! मंडपवाला महिनाभर आधी ठरतो, त्याला विसार दिला जातो. गाण्याला मंडप आधी लागतो की सूर?

चौथं उत्तर सगळ्यात गोड आणि म्हणून सगळ्यात वाईट : "ते काय, आपलेच आहेत!" आपलेच! आपल्या माणसाला पाकीट द्यायचं नसतं, नाव द्यायचं नसतं, जेवायला शेवटच्या पंगतीत बसवायचं असतं. इतकं आपलेपण शत्रूच्याही वाट्याला न येवो.

आणि हे शिकायला लंडनला जायची गरज नाही. आमच्या इस्लापूर भागातल्या कोणत्याही गावच्या हरिनाम सप्ताहाचं पत्रक बघा. त्यावर कीर्तनकार महाराज असतातच. पण मृदंगाचार्य नावानिशी, गायनाचार्य नावानिशी, पेटीवाला नावानिशी, चोपदार, विणेकरी, काकड्याला कोण, सोमवारच्या पंगतीचा अन्नदाता कोण, पाण्याचा टँकर कोणाचा, सगळे नावानिशी! काहींचे तर गोल चौकटीत फोटो. शहरातली माणसं या पत्रकांना हसतात. म्हणतात, काय ही नावांची जत्रा! मी म्हणतो, हसू नका, शिका. इथं कोणी 'स्थानिक टाळकरी' नाही. सात दिवसांचा सप्ताह उभा राहतो तो कोणाकोणाच्या खांद्यावर, याची ती जाहीर पावती आहे. टाळ धरणाऱ्याचं नाव छापायला ज्या गावाला जड जात नाही, त्या गावाशेजारच्या सांस्कृतिक मंडळालाच पेटीवाल्याचं नाव कसं जड होतं?

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ओळीसाठी गुरुजींनी केवढं आकांडतांडव केलं! पण गोष्ट एवढीशी नाही. मास्तरांकडे पूर्वी दहा-बारा पोरं पेटी शिकायला येत. आता दोन येतात, त्यातलं एक पावसाळ्यात येत नाही. का येतील? पोरगं हुशार असतं. ते बघतं, की तीस वर्षं वाजवून मास्तरांना गुलाब मिळतो आणि डीजे लावणाऱ्याला आगाऊ रक्कम. आणि आता तर पेनड्राइव्हवर सगळी साथ तयार मिळते. ती चहा मागत नाही, भाडं मागत नाही आणि नावाची तर मुळीच अपेक्षा ठेवत नाही. अशी साथ मंडळांना फार आवडते. पण गाणाऱ्या पोरीला ठसका लागला तर ती थांबत नाही. पोरगी घाबरून वरच्या पट्टीत गेली तर ती मागून हळूच सूर देऊन तिला खाली आणत नाही. मास्तरांनी आमच्या शाळेच्या संमेलनांत अशा किती पोरी सावरल्या, ते त्या पोरींनाही ठाऊक नाही. त्यांना वाटतं, आपण छान गायलो. मास्तर गेल्यावर हे काम करायला कोणी नसेल, आणि मग मंडळं म्हणतील, "काय करणार, खेड्यात कलाकारच नाहीत!" तुम्हीच ते बिननावाचे करून घालवलेत, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून माझ्या मागण्या तीन, आणि तिन्ही स्वस्त आहेत. एक, पत्रकावर साथीदाराचं नाव, गायकाच्या नावाखाली लगेच, चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरांत. दोन, पाकीट, गायकाएवढं नको म्हणा हवं तर, पण मंडपवाल्यापेक्षा कमी नको. तीन, सत्कार एकाच वेळी, एकाच हातानं. शाली कमी पडल्या तर अध्यक्षांची शाल कमी करावी. अध्यक्षांकडे घरी बऱ्याच असतात.

तोपर्यंत तुमच्यापुरतं एक करा. पुढच्या वेळी गाण्याच्या कार्यक्रमाचं पत्रक हातात आलं, की वाचायला खालून सुरुवात करा. तिथं नाव नसेल, तर अध्यक्षांना सरळ फोन लावून विचारा, "पेटीवर कोण आहेत हो?" नंबर शोधावा लागणार नाही. तो त्यांनी ठळक छापलेला असतो.